चिरंजीवांनी वाचवलेला गोल

तीर्थस्वरूप भाऊजी यांस,

कोपरापासून नमस्कार. (माझं कोपर तुमच्या बरगड्यांच्या चांगलंच ओळखीचं आहे. या नमस्कारात ते लागणार नाही, याची खात्री बाळगावी.) तब्येत कशी आहे? जिने चढवतात का? ताईचा खोकला थांबला का? इकडे आम्ही मामा-भाचे खाऊनपिऊन ठणठणीत आहोत. परवा फोनवर तुम्ही विचारलंत की चिरंजीवांनी यंदा किती गोल केले, आणि मी 'हॅलो, हॅलो, आवाज येत नाही' म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. पण काही गोष्टी पत्रातच बऱ्या, निदान समोरचा माणूस मध्येच ओरडत नाही. म्हणून बैजवार लिहितो.

आधी मुद्द्याचं सांगतो, उगीच तुमचा जीव टांगणीला नको. येत्या रविवारी हंगामातला शेवटचा सामना आहे. तो जिंकला नाही तर आमचा संघ खालच्या गटात जातो, माझी प्रशिक्षकाची नोकरी जाते, आणि 'याला माझ्यासारखा फॉरवर्ड कर' म्हणून ज्याला तुम्ही माझ्या हवाली केलंत, त्या तुमच्या मुलाला क्लब नारळ देतो. आता जीव टांगणीला लागलाच असेल तर माझा इलाज नाही.

मुळात चूक तुमची आहे. फॉरवर्ड घडवायला मुलगा पाठवावा कुणाकडे? जन्मभर मी फुटबॉल खेळलो तो बॅकला, आपला गोल राखत. समोरचा गोल मला श्रीमंत नातेवाइकाच्या बंगल्यासारखा लांबून दिसायचा, आहे हे माहीत, पण जायचं काम कधी पडलं नाही. आमच्या धंद्याचं असं आहे की जे घडलं नाही त्याचा आम्हाला पगार मिळतो, आणि न घडलेल्या गोष्टीचा फोटो कुणी काढत नाही. पेपरात माझे जेवढे फोटो आले, त्या सगळ्यांत तुम्ही हवेत आहात आणि मी आडवा. (आईने तेही कापून ठेवले होते. पाहुण्यांना दाखवताना 'हा खालचा आमचा' असं सांगावं लागायचं.) तुम्ही त्या संघात आणि मी या संघात, तेव्हा तुम्हाला अडवणं ही माझी नेमणूक होती आणि ती मी इमानेइतबारे पार पाडली. तुम्ही पाणी प्यायला गेलात की मी शेजारी, बुटाची नाडी बांधायला वाकलात की मी मागे. एकदा तुमची भुवई फुटली म्हणून मीच तुम्हाला घरी घेऊन आलो (कशाने फुटली, हा विषय आता नको). ताई कापूस घेऊन बसली आणि मी अंघोळीला आत गेलो. उभ्या कारकिर्दीत तुम्हाला मोकळं सोडलं ते तेवढंच. बाहेर येऊन बघतो तर तुमचं लग्न ठरल्यात जमा होतं.

पुढे पाय थकले. पाय थकले की फॉरवर्ड टीव्हीवर बोलायला जातात आणि बॅक प्रशिक्षक होतात. आमच्या क्लबच्या अध्यक्षांचा न्हाणीघराच्या फरशांचा व्यापार आहे. मी येण्याआधी संघ दर रविवारी ढीगभर गोल खायचा, म्हणून त्यांनी मला बोलावून सांगितलं की गळती थांबवा. मी थांबवली. मला जे येत होतं ते मी अकराच्या अकरा जणांना शिकवलं. शंका आली की चेंडू मैदानाबाहेर, विचार नंतर. आणि कुणी बाहेर काढला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, त्याने उमेद राहते. आम्ही गोल खाणं बंद झालं. करणंही बंद झालं, पण ते ध्यानात यायला वेळ लागला, कारण माझं तिकडे लक्ष नव्हतं. सामन्यामागून सामने शून्य-शून्य सुटायला लागले. लोक घरून उशी घेऊन यायला लागले. फलकावरचे आकडे बदलणाऱ्या माणसाला अध्यक्षांनी शेवटी फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं.

तुमचा मुलगा गुणी आहे, यात वादच नाही. सांगितलेलं लगेच उचलतो, आणि तिथेच घात झाला. आम्ही एका लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्यांत राहतो. सकाळी दूध वर यायला लागलं की मी गॅस बंद करेपर्यंत हा पातेलं उचलून सगळं सिंकमध्ये ओतून मोकळा होतो. विचारलं तर म्हणतो, शंका आली. आम्ही काळा चहा प्यायला लागलो.

मागच्या रविवारी समोरच्या संघाचा गोलकीपर घसरून पडला आणि चेंडू उंच येऊन बरोबर चिरंजीवांच्या डोक्यावर उतरायला लागला. समोर गोल सताड उघडा. फुंकर मारली असती तरी आत गेला असता. चिरंजीवांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, अंग झोकून उडी घेतली आणि चेंडू डोक्याने मारला तो गोलवरून, कुंपणावरून, थेट पलीकडच्या गॅरेजच्या पत्र्यावर. इतका स्वच्छ हेडर मी वर्षानुवर्षांत पाहिला नव्हता. त्यांच्या गोलकीपरने पडल्या पडल्या हात जोडले. आमच्या संघाने टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना सुरुवात माझ्यापासून झाली, आणि अध्यक्षांची खुर्ची नेमकी माझ्या मागे होती.

सोमवारी त्यांच्या दुकानात हजेरी लागली. माणूस सभ्य आहे, आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं की टाळ्या कशासाठी होत्या. मी म्हणालो, टायमिंग उत्तम होतं. त्यावर ते बराच वेळ एक निळी फरशी पुसत बसले. मग त्यांनी येत्या रविवारची ती अट सांगितली. वाईट काही कानावर आलं की माझा हात अजून आपोआप वर जातो (पंचाकडे ऑफसाइड मागायची खोड), तसा गेला. त्यांना वाटलं मला काही विचारायचंय. मी हात खाली घेतला आणि घरी आलो.

असो. मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

सदैव तुमच्या मागे उभा असलेला,
मेहुणा

ता. क. : तुम्ही शुक्रवारी इकडे यावं, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. येताना बूट आणा. चेंडू आत कसा घालतात हे पोराला दोन दिवसांत शिकवा. तुम्ही येणार, असं मी अध्यक्षांना पुन्हा जाऊन सांगूनही आलो, आणि या वेळी त्यांनी चहा मागवला. पोस्टाचा भरवसा नाही, पत्र लॉन्ड्रीच्या टेम्पोबरोबर पाठवतो आहे.

आणखी एक ता. क. : परवा पत्र टेम्पोवाल्याला द्यायला म्हणून चिरंजीवांकडे दिलं, ते त्यांनी जिन्यात वाचलं आणि परत घेऊन आले. कॉटच्या कडेला बसून म्हणाला, "मामा, मला फॉरवर्ड व्हायचंच नाहीये. बाबांना तूच सांग." तर सांगतो आहे. तुम्हाला सांगायला तो घाबरतो. ताईला म्हणे हे केव्हाचं माहीत आहे. तिने मला का सांगितलं नाही, हे मी तिला खडसावून विचारणार आहे (विचारणार नाही). काल सरावात त्याला मागे उभा केला. संघातला एकही जण त्याला चुकवून पुढे गेला नाही. मी बरा बॅक होतो, पण तो माझ्याहून चांगला आहे, आणि ही गोष्ट जगात तुमच्याशिवाय कुणाला पटवून द्यावी असं मला वाटत नाही. रविवारी त्याला मागेच खेळवतो आहे. अध्यक्षांना अजून सांगितलेलं नाही. गोल कोण करणार हे विचारू नका, आमचा गोलकीपर म्हणतो की मी बघतो.

तेव्हा बूट आणाच. शिकवू नका, नुसते त्याच्यासमोर थोडा वेळ खेळा. त्याला चुकवून एकदा जरी पुढे गेलात, तर रविवारी तो पुन्हा फॉरवर्ड, माझा शब्द. नाही जमलं, तर 'चांगला खेळतोस' एवढं त्याला स्वतःच्या तोंडाने सांगा. मी रोज सांगतो, पण माझ्या सांगण्याने त्याचं भागत नाही.