"उपाशीपोटी" या शब्दापायी

मी, काकासाहेब भिवाजी शेजूळ, वय ७१, धंदा औषध दुकान, राहणार जाफराबाद, जिल्हा जालना, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली नसताना आणि सकाळची रक्तदाबाची गोळी वेळेवर घेऊन हे मृत्युपत्र लिहून ठेवतो, ते असे:

१. बसस्थानकासमोरचे माझे मेडिकल, मालासकट, मुलगी बेबीनंदा हिला. चिरंजीव रामकिसनही तिच्यासारखेच फार्मासिस्ट आहेत. परंतु त्यांचे प्रमाणपत्र बदनापूरच्या एका दुकानात भिंतीवर टांगलेले असून तेच रोज ड्युटी करते. चिरंजीव महिन्यातून एकदा त्याचे भाडे आणायला जातात. कायदा म्हणतो, औषध फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यावे. फ्रेमला डोळे नसतात, हे मी त्यांना पुष्कळदा सांगितले.

२. कारणही लिहितो, म्हणजे मागाहून कोर्टकचेरी नको. तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी उषाबाई हिला थायरॉईडची गोळी सुरू झाली. चिरंजीवांनी घाईत पाकीट तिच्या हातात देऊन "उपाशीपोटी घ्यायची" एवढेच सांगितले. तिने ती श्रद्धेने घेतली: दर सोमवारी, चतुर्थीला आणि दोन्ही एकादशींना. महिन्याच्या गोळ्या चार महिने पुरल्या. अंग सुजले, आवाज बसला. मी डॉक्टरांना नावे ठेवत राहिलो. शेवटी बेबीनंदाने विचारले, "आई, आजची गोळी घेतली का?"

"आज कशाची? आज कुठं उपास हाय?"

आता उषाबाई ठणठणीत आहे. गोळी रोज घेते, उपासही करते.

३. बेबीनंदाला अट एकच. गिऱ्हाईकाने औषध कसे घ्यायचे ते स्वतः परत सांगितल्याशिवाय पाकीट हातात द्यायचे नाही, एसटी सुटत असली तरी. शेजारचे लालमियाँ शिंपी म्हणतात, "काका, गोळी येवढीशी, अन् बयान केवढं!" म्हणू द्यावे.

४. चिरंजीवांना काउंटरमागची लाकडी खुर्ची. प्रमाणपत्र उतरवून आणून ते स्वतः तीवर बसले, तर बेबीनंदाने त्यांना निम्मे भागीदार करावे.

५. राहते घर उषाबाईला. शिवाय तिची मी माफी मागतो. चिरंजीव ते दोन शब्द बोलले तेव्हा मी समोरच बसलो होतो. परकी बाई असती तर हटकले असते. घरचेच माणूस म्हणून गप्प राहिलो. चार महिने तिच्या हातचे जेवलो, एकदाही विचारले नाही. याची मला लाज वाटते.

हे कलम वाचून वकीलसाहेब म्हणाले, "मृत्युपत्रात माणूस देतो, मागत नाही."

मी म्हणालो, "मंग येवढं एक मागणं राहू द्या."

ठिकाण: जाफराबाद
दिनांक: १२ मार्च २००३

सही: काकासाहेब भिवाजी शेजूळ

मजकूर आमच्यादेखत वाचला गेला व सही आमच्यादेखत झाली.
साक्षीदार:
१. शेख लालमियाँ फकरोद्दीन
२. पुंजाराम कचरू लहाने