कोंबड्यांना पिसं येईपर्यंत

शिरढोण, ता. पनवेल
शनिवार, सकाळ (कोंबड्यांना दाणे टाकून झाल्यावर)

आदरणीय बाळारामभाऊ यांना,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा विश्वजीत याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात नुकतेच दोनदा साबणाने धुतलेत, तरी काळेच दिसतात. का, ते पुढे येईल.) तुमचा नवा गुडघा कसा आहे? वाकतो का? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम रोज करता, की वहिनी बघत असल्या तरच? सत्यवती तुमच्या मदतीला आली हे फार बरं झालं. इथली काही काळजी नको, इथे सगळं उत्तम आहे. एवढं तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि पत्र उशीखाली ठेवा, कारण पुढचं तिच्यासाठी नाही. फोनच केला असता, पण तुम्ही पलंगावर पडल्यापासून तुमचा फोन तीच उचलते, आणि माझा नुसता ‘हॅलो’ ऐकून घरात काय बिघडलंय ते तिला कळतं. म्हणून उद्या आमची भाविका तिकडे येतेय, तिच्या हाती हे पत्र देतोय.

विषय कोंबड्यांचा आहे. तुमच्या आईच्या तांबडीच्या वंशातल्या अकरा तलंगा सध्या आमच्या परसात आहेत, वय चार महिने, अजून एकीनेही अंडं दिलेलं नाही. तुमचं गाव विमानतळात गेलं तेव्हा लोकांनी टेम्पोत कपाटं चढवली, फ्रिज चढवले, देव चढवले. आणि सासूबाई पुढच्या सीटवर मांडीत तांबडीचं डालगं घेऊन बसल्या, हे तुम्हाला मी काय सांगणार, टेम्पो तुम्हीच ठरवला होता. तुमच्या नव्या सोसायटीत कोंबडी चालत नाही, म्हणून तो वंश आमच्याकडे आला आणि आता जगात फक्त आमच्याकडेच आहे. सत्यवती निघताना तीनदा बजावून गेली. मी म्हटलं, डोळ्यात तेल घालून राखीन. तेल घातलं, भाऊ, पण जरा जास्तच.

तीस वर्षं न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात काढल्यावर माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते, की माल कुलपात असावा आणि त्यावर भरपूर उजेड असावा. (तिथे दिवस कधी मावळला ते मला निवृत्तीनंतरच दिसायला लागलं.) आमच्याकडे मुंगूस येतं. म्हणून सत्यवतीची रिक्षा वळणावरून दिसेनाशी होताच मी तलंगांना खुराड्यात घालून दार लावलं आणि आत मोठा एलईडी लाईट बसवला, रात्रंदिवस चालू. ती त्यांना दिवसभर मोकळं सोडायची. मी म्हटलं, मोकळं सोडलेला माल हरवतो. सकाळ-संध्याकाळ मोजायचो, अकराच्या अकरा भरायच्या, आणि मी समाधानाने पेपर वाचायचो. त्यात ऑक्टोबरची काहिली.

चौथ्या दिवशी तांबडी (हुबेहूब सासूबाईंच्या कोंबडीसारखी आहे म्हणून सत्यवतीने हिलाही तेच नाव दिलंय) शेपटीजवळ उघडी दिसली. मला वाटलं, पिसं झडण्याचा मोसम असेल. सहाव्या दिवशी पाचजणी उघड्या. तेव्हा स्टूल टाकून बसलो आणि प्रत्यक्ष पाहिलं: एक पुढे चालतेय, मागची तिचं पीस उपटून खातेय, आणि तिच्या मागची तिचं. कोणाला राग नाही, भांडण नाही, रांगेत उभं राहून शिस्तीत चाललेलं.

शेजारच्या जनीआजीला बोलावलं. ती जाळीला नाक लावून म्हणाली, “नजर लागली हाय. तुमी तं रस्त्यानं जानाऱ्यालाबी बोलावून कोंबऱ्या दावता.” हे खोटं नाही. तिने मीठ-मिरच्या उतरवल्या. धुराने कोंबड्या शिंकल्या, मी शिंकलो, पण पिसं उपटायचं काही थांबेना. मग नजर पूर्ण उतरावी म्हणून जनीआजीने त्या पाचजणींना कुंकू लावलं, आणि तेही नेमकं जिथे पीस नव्हतं तिथे. भाऊ, लाल रंग बघून त्या ज्या तुटून पडल्या! पाच मिनिटांत कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं ते कळेना. तांबडीला मी कसंबसं बनियनमध्ये गुंडाळून बाहेर काढला. काढलं. बघा, अजून नीट लिहिता येत नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या मॅडमना मी सगळं खरं सांगितलं, लाईटसकट. त्या म्हणाल्या, जागा कमी, उजेड जास्त, उकाडा आणि दिवसभर करायला काही नाही, म्हणून एकमेकींची पिसं खातात. आणि लाल दिसलं की आणखी टोचतात. काळं काहीतरी लावा. म्हणजे कुंकवाऐवजी काजळाची तीट लावली असती तरी चाललं असतं! आता लाईट काढलाय, दार दिवसभर उघडं असतं, खाण्यात सुकट घालतो, आणि सुतळीने एक कोबी टांगलाय, तो त्या उड्या मारून टोचतात. जखमांना कडुनिंबाच्या तेलात तव्याची काजळी कालवून लावतो. त्यामुळे माझे हात असे, आणि कोंबड्या भट्टीवर कामाला गेल्यासारख्या दिसतात. दहाजणी ठीक आहेत. तांबडी खोक्यात, स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीजवळ आहे. काल दिवसभर तिने काही खाल्लं नाही. आज माझ्या हातातून सुकटीचे चार तुकडे खाल्ले. मला फार भीती वाटते, भाऊ. कोंबड्या बाजारात शंभर मिळतील, पण तुमच्या आईची कुठून आणू?

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
विश्वजीत

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. सत्यवती सोमवारी निघते म्हणते. पिसं यायला महिना तरी लागेल. तेव्हा तुमचा गुडघा आणखी महिनाभर दुखला तर बरं होईल. निदान ती खोलीत आली की कण्हा.

ता. क. २. जनीआजीबद्दल वर लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. तिने नजर काढली एवढंच. कुंकवाचा करंडा देवघरातून मीच आणला आणि मीच लावलं. ती तर नको नको म्हणत होती.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात भाविका म्हणाली, “बाबा, कशाला एवढं लिहिताय? आईला सगळं माहितीये. मी पहिल्या दिवसापासून फोटो पाठवतेय.” भाऊ, सत्यवती आठ दिवस रोज मला फोनवर विचारते, कोंबड्या कशा आहेत, आणि मी म्हणतो, उत्तम. ती म्हणते, बरं. आणि भाविकाला सांगते, पिसं आली की कळव, तोवर मी येत नाय, तुझ्या बाबांना माझ्यासमोर लाजल्यासारखं होईल. म्हणजे ते सोमवारचं नुसतं बोलणं, आणि तुम्हाला कण्हायला तिनेही सांगितलं असणार. आता कण्हू नका. तिच्यावाचून घर खायला उठलंय. या पत्राबद्दल तिला बोलू नका. तिला माहीत आहे हे मला माहीत नाही, असंच राहू द्या. उद्या भाविका तिला सांगेल की पिसं आली. सत्यवतीने तुमच्याकडे पाहिलं, तर फक्त मान हलवा. (आलेली नाहीत.)