चिंच डाव्या हाताला

सदर, जबलपूर
११ जानेवारी २०२५

चि. सौ. शर्मिला,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या चित्रामुळे माझ्या घरात घोर अधर्म घडला, त्याची फिर्याद आधी. ज्या खिळ्यावर अकरा वर्षं पंचांगाचं कॅलेंडर सुखानं नांदत होतं, त्यावर तुझ्या वहिनीनं तुझं एचिंग टांगलं. परिणामी मी, संस्कृतचा प्राध्यापक, काल एकादशीला कांदेपोहे खाऊन बसलो.

चित्रात माणूस नाही, गाय नाही, पाखरूही नाही. राखी वाट, शेताचा बांध आणि एक चिंच. तरी ओळखलं. बाबा पाटनला नोकरीत होते तेव्हाची आपली शाळेची वाट. पण बाई, चिंच उजव्या हाताला होती; तू डावीकडे लावलीस.

अनसूया विचारते की दिवसभर त्या चित्रापुढे काहून बसून राहिलात. ऑपरेशनला तीन महिने झाले, डॉक्टर चाला म्हणतात आणि हे फाटकापलीकडे जात नाहीत, असं ती तुला फोनवर सांगेलच. हृदयाची दुरुस्ती उत्तम झाली आहे. रजा दोन फेब्रुवारीला संपते. राजीनामा लिहून ठेवला आहे. भाषा निर्दोष आहे.

लोभ ठेव, आणि चिंच जागेवर ठेव.
तुझा नीलकंठदादा


नागपूर
१९ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न.

चूक कबूल. जस्ताच्या पत्र्यावर सुईनं जे कोरावं, ते कागदावर उलटं उमटतं; म्हणून आधीच उलटं काढायचं असतं. पन्नाशीनंतर शिकायला गेलेली तुझी बहीण ते विसरली. सर म्हणाले, पत्रा घासून टाका. मी नाही घासला. छाप सुकायला टांगला तेव्हा दिसलं, की ही घरी येतानाची वाट आहे. जाताना चिंच उजवीकडे, येताना डावीकडे.

जाताना तू विभक्तीची रूपं घोकत पुढे निघून जायचास, मागे वळूनही बघायचा नाहीस. येताना मात्र चिंचेपाशी माझ्यासाठी थांबायचास. तिथून घर दिसायचं.

राजीनाम्याबद्दल मी काही म्हणत नाही. भाषा निर्दोष असणारच.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी शर्मी


सदर, जबलपूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शर्मिला,
अ. आ. वि. वि.

काल शेजारच्या योगेशच्या गाडीनं पाटनला गेलो. वाटेवर आता सिमेंट आहे, दोहीकडे हरभरा, चिंच तशीच. अनसूया पाण्याची बाटली घेऊन मागून चलो जी, धीरे धीरे, असे हुकूम सोडत होती. शाळेपर्यंत जाताना दोनदा थांबलो आणि दोन्ही वेळा हरभऱ्याचं निरीक्षण करतो आहे असं भासवलं. शाळेच्या फाटकाला हात लावून वळलो, तर पुढे तुझं चित्र उभं. चिंच डाव्या हाताला.

येताना कुठेही थांबलो नाही. चिंचेखाली पोचलो तेव्हा दम लागलेला नव्हता. मग सत्तावन्न वर्षांच्या या गृहस्थानं तिथे उभं राहून सातही विभक्त्या मोठ्यानं म्हटल्या. शेतातली बाई हरभरा सोडून बघत राहिली. अनसूयेनं तिला समजावलं की घाबरू नका, मास्तर आहेत, असेच आहेत.

उद्या कॉलेजात रुजू होतो. पान उलटून बघ. हे पत्र राजीनाम्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं आहे. कॅलेंडर स्वयंपाकघरात गेलं, चित्र हलणार नाही. तुझ्या सरांना सांग, पत्रा घासायचा नाही.

आहे तो लोभ वाढला तरी चालेल.
तुझा नीलकंठदादा

ता. क. अनसूयेला सांगू नकोस. चालण्याची भीती मला कधीच नव्हती. निघालो तर परत येईन की नाही, याची होती. काल आलो. उद्याची अजून थोडी आहे.