कुलपाचे चार दात

३ मार्च, मंगळवार

आज कुलूप उघडलं! आणि आत वरचे चार दातच नाहीत!

कुणाला सांगू? कुणालाच नाही. म्हणून वहीत. डॉक्टरीणबाईंनी पंधरा वर्षांपूर्वी नोकरीवर घेतानाच बजावलं होतं — कोणाच्या दातांचं माप घेतलं, ते मागच्या खोलीबाहेर जायचं नाही. मागची खोली म्हणजे माझी. तिथे प्लास्टर, मेण, पॉलिशचं मशीन आणि मी. कवळ्या बनवते.

कुलूप म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचा गोलकीपर आणि कप्तान. गोललाही कुलूप लावतो आणि तोंडालाही. सामना जिंको, हरो — माईक पुढे आला की मान हलवतो आणि चालू लागतो. मैदानावरच्या पायऱ्यांवर बसणारे अर्धे लोक त्याला थोर म्हणतात, अर्धे शिष्ट. मी शिष्टवाल्यांत होते. आज सकाळपर्यंत.

“जिन्यावरून पडलो होतो. दोन वर्षं झाली,” म्हणाला. प्रत्येक अक्षराबरोबर वारा. ओठाला आतून केवढा जुना घाव! जिन्याला कोपर कधीपासून फुटलं? पण विचारलं नाही. खिशातून पत्र्याची डबी काढली, तिच्यात कुणीतरी करून दिलेली चार दातांची कवळी. बोलायला गेलं की खाली येते. एकदा बातमीवाल्यासमोर जिभेवर उतरली, तेव्हापासून डबीत.

२९ तारखेला क्लबची साठ वर्षं पुरी होतात. कप्तानाने पाच मिनिटं बोलायचं असं कमिटीने ठरवलंय. नाही बोलला तर कप्तानी दुसऱ्याला.

“ताई, बोलताना पडणार नाही अशी करून द्या. एवढंच.”

एवढंच म्हणे!

५ मार्च, गुरुवार

घरी वेगळाच तमाशा. बाबांना कमिटीचा ठराव कळला. वय एकोणऐंशी, पण पेपर असा आपटला की चष्मा उडाला.

बाबांचं म्हणणं साऱ्या पायऱ्यांना पाठ आहे. क्लबचे पहिले कप्तान — आम्ही सगळे त्यांना ‘मोठे कप्तान’ म्हणतो — चारचौघांत कधी एक वाक्य बोलले नाहीत. चषक घेतला, नमस्कार केला, खाली उतरले. तेव्हापासून आमचा एकही कप्तान व्यासपीठावर बोललेला नाही. शेडच्या पत्र्यावर हातभर अक्षरांत रंगवलंय — तोंड बंद, पाय चालू. बाबा क्लबच्या पहिल्या वर्षी राखीव संघात होते. म्हणजे या परंपरेचे जिवंत पुजारी तेवढे एकटेच उरलेत.

“या क्लबचा कप्तान ज्या दिवशी माईकसमोर तोंड उघडेल, त्या दिवसापासून मी मैदानाची पायरी चढणार नाही!”

साठ वर्षांत बाबांचे घरचे तीन सामने चुकले. एक माझ्या जन्माच्या दिवशी, एक आई गेली तेव्हा, एक मोतीबिंदूचा. बोलले की करणार. आणि ते तोंड उघडायची सोय कोण करतंय? मी. त्यांची सख्खी लेक. बाबांच्याच भाकरीवर वाढलेली!

८ मार्च, रविवार

सामना. एक-शून्य जिंकलो. पण खरा सामना नंतर पायऱ्यांवर.

आमचा कंडक्टर — बस सुटली तरी चालेल, सामना सुटता कामा नये असा माणूस — खेळाडूंच्या बोलण्याला दहापैकी गुण देतो. मोबाईल कानाला लावून मुलाखत ऐकतो आणि जुन्या तिकिटाच्या पाठीवर गुण लिहितो. आज आमच्या स्ट्रायकरने एका मिनिटात अकरा वेळा “बघा, कसं आहे” म्हटलं. कसं आहे ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. दोन गुण. कुलूप मान हलवून गेलं. शून्य.

“न बोलण्याची परंपरा म्हणे,” कंडक्टर म्हणाला. “मग आमच्या बसचा हॉर्न सगळ्यात थोर. चार वर्षं वाजला नाही!”

“म्हणूनच तुला ओरडावं लागतं,” बाबा.

शिंपीकाका मध्येच, रडकुंडीला येऊन — “ते ब्रीदवाक्य ठेवणार की बदलणार, आत्ताच सांगा. नव्या झेंड्याची अक्षरं कापून झालीत!”

कंडक्टरचं म्हणणं — या वेळीही बोलला नाही तर खुशाल स्ट्रायकरला कप्तान करा. निदान शब्द तरी फुटतात. शिंपीकाकांनीही मान डोलावली. बाबा शेंगदाण्याची पुडी उचलून वेगळ्या पायरीवर जाऊन बसले. मी मध्ये. दोन्हीकडचे शेंगदाणे माझ्याकडे आले, तेवढाच फायदा.

१० मार्च, मंगळवार

कवळी सैल केली तर कुलपाची कप्तानी जाते. घट्ट केली तर बाबांचं मैदान जातं. इकडे आड, तिकडे विहीर. पण सैल कवळी माझ्या हातून होणार नाही. मला तसं येतच नाही.

१४ मार्च, शनिवार

मेणात बसवलेले दात तोंडात घालून पाहिले. बाईंची परीक्षा ठरलेली असते — एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत मोजा. समोरचे दात नीट बसलेत की नाही ते या आकड्यांत कळतं, सगळी सळसळ त्यांतच भरलीय.

एकसष्ट, बासष्ट ठीक. त्रेसष्टला शिट्टी. चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट — आणि सदुसष्टला चारही दात टुणकन उडून माझ्या एप्रनवर! मी झेलले. “गोलकीपर कोण इथे?” तोंडातून निघून गेलं.

तो हसला. पहिल्यांदाच पाहिलं. हात लगेच तोंडावर गेला. दोन वर्षांची सवय. पंधरा दिवसांपूर्वी याच माणसाला मी पायऱ्यांवरून “फार शेफारलाय” म्हणून ओरडले होते.

दात पुन्हा लावायला घेतले. दोन-दोन तारांची पकड दोन्ही बाजूंना. तोवर जुनी कवळी जिभेने रेटून धर आणि मोजायचा सराव कर, असं सांगून पाठवलं.

१५ मार्च, रविवार

हसून हसून पोटात दुखतंय, आणि कारण सांगता येत नाही!

बाहेरगावचा संघ. चेंडू पलीकडे असला की कुलूप गोलमध्ये उभं राहून पुटपुटतंय. कंडक्टरने दुर्बीण लावली. “ओठ हलतायत! आमचं कुलूप बोलतंय!”

मग तर्क. शिंपीकाका — शिव्या घालतोय. कंडक्टर — भाषण पाठ करतोय. बाबा, छाती फुगवून — “जप करतोय. मोठे कप्तानही मनातल्या मनात असंच काही म्हणायचे.”

दुर्बीण माझ्या हातात आली आणि ओठांवरून स्पष्ट कळलं. अडुसष्ट. एकोणसत्तर. शेंगदाणा घशात गेला. कंडक्टरने पाठीत एवढा धपाटा घातला की माझेच दात पडायचे.

१९ मार्च, गुरुवार

सुट्टी. समारंभात जुने फोटो मांडणार आहेत. बाबांनी भिंतीवरची तसबीर उतरवून दिली — “काच पूस. हळू. जीव आहे माझा त्यात.” आणि खुर्चीत डुलकी लागली त्यांची.

पहिल्या वर्षीचा चषक. मधोमध मोठे कप्तान, भरघोस मिशा, ओठ घट्ट. हा फोटो मी जन्मल्यापासून बघतेय. आज काच काढून खिडकीशी नेला, उजेडात.

मिशी आत वळलीय. नाकाखालचा ओठ बसलाय, खाली आधार नसलेल्या तंबूसारखा. असे ओठ मी रोज बघते! पोट भरते त्यांच्यावर! वरचे समोरचे दात नव्हते त्यांना. तीन तरी नक्कीच.

आधी हसू फुटलं. परंपरा कसली — कवळी नव्हती! साठ वर्षं कप्तानांमागून कप्तान तोंड शिवून बसले, पत्र्यावर ब्रीदवाक्य रंगवलं, शिंपीकाकांनी झेंडे शिवले, कशापायी? त्या काळी इथे दात करून देणारं कुणी नव्हतं, यापायी!

मग बाबांकडे पाहिलं. तोंड थोडं उघडं, मान कलंडलेली. हसू गेलं. सांगितलं तर त्यांच्या हातात काय उरेल? काच पुसली, फोटो होता तसा बसवला. नाही सांगणार.

२१ मार्च, शनिवार

दातांच्या रंगांची पट्टी कुलपाच्या ओठाशी धरली. पांढरेशुभ्र हवेत का, विचारलं. “नको ताई. चहा पिणाऱ्या माणसाचे दात द्या.”

२५ मार्च, बुधवार

कवळी दिली. एकसष्ट ते एकोणसत्तर, उलटसुलट, जोरात, कुजबुजत. हलली नाही! बाईंनी माझ्या पाठीवर थाप दिली. त्या कुणाच्याही पाठीवर थाप देत नाहीत.

जाता जाता दारात थांबला. “ताई, खोटं बोलताना घसरते का ही?”

“कवळीला खरंखोटं कळत नाही. कशाला?”

“काही नाही,” म्हणाला.

घरी बाबा बूट घासत होते. “त्याचं पहिलं वाक्य पुरं होईपर्यंत बसेन. आलेल्या माणसाने तेवढं पाळावं. मग उठेन.” भाजीत मीठ दोनदा पडलं.

२९ मार्च, रविवार

सगळं लिहून काढते.

मैदान भरलेलं. व्यासपीठावर कमिटी, समोर खेळाडू, मागे आम्ही. बाबा दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर — उठून जायला सोपी म्हणून. कंडक्टर तिकीट-पेन घेऊन सज्ज.

कुलपाचं नाव पुकारलं. हातात कागद नाही. माईक उंच होता तो त्याने वाकवला. मी मनात सदुसष्ट, सदुसष्ट करत होते.

“माझे वरचे चार दात खोटे आहेत,” तो म्हणाला.

हेच पहिलं वाक्य! कुणी हसलं, कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं. बाबा ठरल्याप्रमाणे उठले. काठी घेतली.

“ज्या एक-दोघांना कळलं त्यांना जिन्यावरून पडलो असं मी सांगितलं. खोटं. सरावात आपल्याच माणसाचं कोपर लागलं. तो संघात येऊन तेव्हा आठच दिवस झाले होते. मी तोंड उघडलं असतं तर दात नाहीत हे दिसलं असतं. ते दिसलं असतं तर कुणी पाडले विचारलं असतं. आणि तुम्ही —” आमच्याकडे बोट केलं — “पायऱ्यांवरून त्याला जगू दिलं नसतं. म्हणून गप्प होतो. मी थोर नाही आणि शिष्टही नाही. आता तो मुरलेला खेळाडू आहे, त्याला तुमची भीती नाही. म्हणून आज सांगतो. नाव मात्र सांगणार नाही. क्लबला साठ वर्षं झाली, अजून साठ होवोत.”

साठ! दोन्ही वेळा स्वच्छ, गोल, शिट्टीशिवाय! रडत होते आणि तरी तेवढं ऐकलं मी. धंदाच तो.

मग खेळाडूंच्या रांगेतून आमचा स्ट्रायकर उठला. कप्तानी ज्याला मिळणार होती तोच. “बघा, कसं आहे —” म्हणाला, आणि पुढे शब्द फुटेना. तसाच धावत वर गेला आणि कुलपाच्या गळ्यात पडला. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. कंडक्टरने तिकिटावर दोघांनाही दहा लिहिले आणि तेच तिकीट डोळ्यांना लावलं.

बाबा गेले नाहीत. पण बसलेही नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून शेवटपर्यंत उभे. चेहरा पांढराफटक. “पाणी देऊ?” तर मान हलवली, थेट कुलपासारखी. चिडलेत, असं वाटलं. चिडलेले बाबा मला माहीत आहेत. हे तसं नव्हतं.

३० मार्च, सोमवार

सकाळी तसबीर मांडीवर घेऊन बसले होते. “काच पुसताना ओठ पाहिलास ना त्यांचा?” मी मान खाली घातली. “तेही कोपरच होतं. सरावात. माझं. त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.” मग तोंडातली कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. पुढचं बोबडं ऐकू आलं, पण नीट ऐकू आलं — “जरा घट्ट करून दे. येत्या रविवारी मला माईक हवाय.”