ओसरीचं निळं छत

फिलाडेल्फिया,
३ मार्च १९९८

ती. थॅडियसदादास,
धाकट्या अर्नेस्टीनचा सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे असं तू लिहितोस, आणि त्याच टपालाने वहिनी कळवते की कोळंबीचं जाळं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरलास. तेव्हा थापा पुरे.

मी सरकारी भाडेयोजना सोडते आहे. वरच्या मजल्यावरची भाडेकरू व्हर्लीन झेपेल तेवढं भाडं देते, बाकीचं सरकार भरतं. सहा वर्षं बरं चाललं होतं. पण परवा वर्षाची तपासणी झाली. तपासनीस पोरगेलासा. त्याने नळ सोडले, खिडक्या उघडल्या, सगळं ठीक म्हणाला आणि जाता जाता ओसरीत मान वर केली. छताच्या रंगाला पोपडे आलेत, जुन्या रंगात शिसं असतं, ते लहान मुलांना घातक, महिन्याभरात काढा, नाहीतर सरकारचं भाडं बंद, म्हणाला.

दादा, तो बाबांचा निळा रंग. भुतांना पाणी ओलांडता येत नाही, म्हणून आपल्या बेटावरची भुतं ज्याला पाणी समजून माघारी फिरतात तो. या शहरात घर घेतल्यावर त्यांनी आधी छत रंगवलं, मग चूल मांडली. तो मी खरवडून टाकू?

पलीकडचे मिस्टर ग्रेडी गेल्या वर्षीच योजनेतून बाहेर पडले. जुना भाडेकरू गेला, नव्यासाठी तपासणीला कोणी फिरकेना, घर दोन महिने रिकामं. कचेरीत फोन नुसता वाजत राहतो. सरकार भाडं देतं, पण डोकं खाऊन देतं, असं ते म्हणायचे. तेव्हा मला हसू यायचं.

व्हर्लीनला सांगितलं की आता तिला दुसरं घर बघावं लागेल. ती नुसतं बरं म्हणाली आणि वर गेली. त्या बरंने मला दोन दिवस जेवण गेलं नाही, हे तुलाच सांगते.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
अर्नेस्टीन


सेंट हेलेना बेट,
१२ मार्च १९९८

चि. अर्नेस्टीन हीस,
अनेक आशीर्वाद. गुडघ्याची चौकशी पुन्हा नको.

तू शेंडेफळ. उन्हं वर येईपर्यंत लोळायचीस, म्हणून तुला ठाऊक नाही. बाबा दर वसंतात ते छत खरवडायचे आणि नव्याने रंगवायचे. शिडी मी धरायचो. पोपडे आलेला निळा भुताला पाणी वाटत नाही, चिखल वाटतो, असं ते म्हणायचे. ते गेल्यापासून तिथे कुणी ब्रश लावलाय का? रागावू नकोस, पण तू रंग नाही, पोपडे जपत होतीस.

कचेरीला कंटाळून सोडायचं तर खुशाल सोड. ग्रेडी काही खोटं बोलत नाही. पण राग तपासनिसावर आणि घर जाणार व्हर्लीनचं, हे वड्याचं तेल वांग्यावर झालं. तुमच्या गल्लीत सरकारी भाडेकरू घेणारा दुसरा कोण उरलाय? दोन मुली घेऊन ती कुठे जाईल?

स्वतः खरवडू नकोस, शिशाचा रंग काढणारा माणूस बोलाव. रंगाचा डबा बसने पाठवतो आहे.

आठवण ठेव, आणि भांडायचं असेल तर लगेच लिही.
तुझा,
थॅडियस


फिलाडेल्फिया,
२० एप्रिल १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भांडायला तोंड ठेवलं नाहीस. माणूस बोलावला. ते दोन दिवस व्हर्लीनच्या मुली त्यांच्या मावशीकडे राहिल्या. मग मी छत रंगवलं; मान अजून अवघडलेली आहे. तपासनीस दोनदा येतो म्हणून आला नाही, तिसऱ्यांदा आला, वर बघून छान रंग म्हणाला आणि पास करून गेला. योजना सोडण्याचं लिहून ठेवलेलं पत्र मी पाठवलं नाही, पण फाडलेलंही नाही. टेबलाच्या खणात आहे. पुढच्या मार्चमध्ये विचार.

हे कळवायला वर गेले, तर दाराशी खोकी बांधून ठेवलेली. छताचं काम तिला ठाऊक होतं, पण राहायचं की जायचं हे महिनाभर तिने एका शब्दाने विचारलं नाही आणि मीही बोलले नव्हते. मी म्हटलं, "सोड ती दोरी. तू इथेच राहणार आहेस." ती पायरीवर बसून रडली. मग मीही बसले.

रविवारी खाली येऊन तिने विचारलं की डब्यात रंग उरलाय का. तिला स्वतःच्या दाराची चौकट निळी करायची होती. भाडेकरूने परवानगीशिवाय रंग लावायचा नाही, असं करारात आहे, आणि ते कलम माझ्याच हट्टाने घातलेलं. पण मी डबा दिला, आणि शिडी धरली.

ओसरी तुझी वाट बघते आहे. ये, आणि लोभ धरून राहा.
तुझी,
अर्नेस्टीन