घरी या हं

३ जून
आज रुजू झाले! सैनिकांना सीमेवर नेणाऱ्या विमानात हवाई सेविका. कडक इस्त्रीचा गणवेश, राहायला तळाजवळ दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आईने आल्या आल्या खिडक्या पुसून काढल्या. माझ्या वरिष्ठ सेविकेला सगळे ताई म्हणतात. गुडघे दुखतात तिचे, पण हसते छान.

११ जून
छान कसली! पाणी मी देते, कानात घालायला कापूस मी देते, उलटीच्या पिशव्याही मीच उचलते. आणि उतरताना जो तो तिलाच म्हणतो, "येतो ताई." ती दारात उभी राहून प्रत्येकाला म्हणते, "या हं." माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पोटात दुखतं माझ्या. हो, दुखतं!

२ जुलै
परतीचं विमान रिकामं होतं. तरी ताई मागच्या रांगेत चहाचे पेले ठेवत कुणाशी तरी बोलत होती. विचारलं तर म्हणाली, जे तिकडेच पडतात ते येतात, मी "या" म्हटलेलं असतं ना. म्हातारी चळली, वाटलं. पण त्या रिकाम्या जागांवरचे पट्टे बांधलेले होते. अंगावर काटा आला. आणि त्याहून जास्त हेवा वाटला. मेलेलेसुद्धा तिचेच!

९ जुलै
आज तिला बाजूला सारून दारात मी उभी राहिले. नुसतं "या" कुणीही म्हणेल. मी म्हटलं, "घरी या हं, चहाला!" सगळे हसले. एकाने वळून "नक्की येतो" म्हटलं. मला! ताईचा चेहरा पांढराफटक पडला. जळते मेली. जळू दे.

१५ जुलै
मी चहाला बोलावलेली ती तुकडी — एकही उरला नाही.
परतताना रिकाम्या जागांवर नव्याने एकही पट्टा बांधलेला नव्हता. ताई रडत म्हणाली, घरी कशाला बोलावलंस गं? विमानातून ते आपले आपण जातात. घरातून कुणाला तरी सोबत घेऊनच निघतात. आले तर कडी काढू नकोस, मला फोन कर, मी नेते त्यांना.

१६ जुलै, सकाळ
जिन्यात बूट वाजतायत. खूप. आई विचारते, एवढे कोण गं आले, चहा किती टाकू?
ताईला फोन लावला — वाजतोय —
बाहेरून हाक. "ताई, आलो."
ताई म्हणजे मी. मी!
तिने उचलला. मी ठेवून दिला. ती आली की सगळे तिच्याच मागे — नाही. माझ्याकडे आलेत. माझे —
आई निघाली दाराकडे. आई, तू नको, थांब, कडी मीच का