आधी ऐकायचं, मग उघडायचं

प्रिय बाबा,

पत्र बघून घाबरू नका. मी बरी आहे, हातपाय शाबूत आहेत आणि या खेपेला नोकरीही टिकून आहे. फोनवर आपलं काही होत नाही, म्हणून लिहायला बसले. "बरी आहेस ना? जेवलीस? ठेवतो." एवढ्यात आपलं बोलणं संपतं. परवा ताईचा फोन आला होता. ती तुम्हाला तिच्याकडे न्यायचं म्हणते, तुम्ही घर सोडणार नाही म्हणता, आणि मला दोघंही विचारत नाहीत. बरोबरच आहे म्हणा, पायाला भिंगरी लागलेल्या पोरीला घरच्या गोष्टीत कोण विचारणार? पण ते नंतर. आधी मी सध्या काय करते ते सांगते, कारण ताईला मी "खड्डे खणते" एवढंच बोलले होते आणि तिने ते तसंच्या तसं तुमच्या कानावर घातलं असणार.

खड्डे खणते हे खरंच आहे. कमरेइतका खड्डा, तळाशी सिमेंटचा सपाट ओटा, त्यावर डब्याएवढं भूकंपमापक यंत्र, वर झाकण आणि माती. कुणाच्या परसात, कुणाच्या कोठीत, जिथे वर्दळ कमी तिथे. यंत्राचं तोंड बरोबर उत्तरेला हवं. पहिल्याच खड्ड्यात मी होकायंत्र लोखंडी पहारीशेजारी ठेवून उत्तर काढली आणि ऐटीत उभी राहिले. आमच्या बाई आल्या. त्या या कामाच्या प्रमुख, जाड चष्मा, बुटांना कायम चिखल. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ही पहारीची उत्तर झाली, आता पृथ्वीची काढ." अजून जेवताना कुणी ना कुणी मला पहार कुठंय म्हणून विचारतंच.

तर हे सगळं कशासाठी? आपण उभे आहोत ते जमिनीचं कवच, त्याच्या खाली प्रावरण. हा शब्द मी भूगोलात पाठ केला होता, पेपरात लिहिलाही होता, तरी त्याच पेपरात नापास झाले होते, आठवतंय? त्या प्रावरणाचा वरचा भाग कसा आहे, कुठे तापलेला, कुठे थंड, हे बाईंना हवंय. तिथवर कुणी गेलेलं नाही, जाणारही नाही. पण लांब कुठेतरी भूकंप होतो, त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून प्रवास करत खालून आमच्या खड्ड्यांपर्यंत येतात. कधी पोचायला हव्यात याचं गणित ठरलेलं असतं. वाटेत खडक तापून मऊ पडला असेल तर लहर रेंगाळते, थंड कडक असेल तर लवकर येते. फरक चुटकी वाजवण्याइतका. एका यंत्राने काहीच कळत नाही. लांबवर पसरलेलं जाळं हवं, मग कुठली लहर कुठून येताना रेंगाळली ते जुळवत जुळवत खालचं चित्र उभं राहतं.

मी बाईंना तुमचं सांगितलं. दुरुस्तीला आलेल्या पंपाच्या मोटारीला तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचात, मूठ कानाला लावायचात आणि आम्हा दोघींना हाताने गप्प करायचात. आधी ऐकायचं, मग उघडायचं. ताई खरंच गप्प बसायची, मी तेवढ्यात पळून जायची. बाई हसल्या. म्हणाल्या, "आमची पंचाईत अशी, की आम्हाला उघडता कधीच येत नाही. आणि मोटार चालू करणंही आमच्या हातात नाही." ते दुसरं माझ्या डोक्यात बसलंय. कुठेतरी कुणाची घरं हलतात तेव्हा आम्हाला इथे दिसतं. पडद्यावर भूकंप बघून कुणी "काय मस्त आला" म्हणालं की बाई आधी बातम्या लावतात, कामाला नंतर बसतात.

आता आजींचं सांगते. आमचं एक यंत्र एका म्हाताऱ्या आजींच्या कोठीत आहे. एकट्या राहतात, काठी टेकत चालतात. यंत्राची नोंद सारखी आमच्या खोलीतल्या पडद्यावर येत असते, आणि त्यात आजी दिसायच्या. दोन पावलं आणि काठी, रेषेवर तीन बारीक टोकं, मग परत तीन. सकाळी स्वयंपाकघर ते परस, परस ते स्वयंपाकघर. आमच्या दृष्टीने हा सगळा कचरा, पीठ चाळताना कोंडा काढावा तसा गाळून टाकायचा. मागच्या आठवड्यात एका सकाळी तिथली रेषा एकदम स्वच्छ आली. मी खूश. मोठ्याने म्हणाले, आज आजींनी कृपा केली. बाईंनी पडद्याकडे बघितलं, चहा तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "गाडी काढ."

आजी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या, पाठ कपाटाला, पाय मुरगळलेला, काठी हाताला लागणार नाही अशी पलीकडे पडलेली. आम्हाला बघून त्यांना वाटलं यंत्र बिघडलंय. "कोठीची किल्ली खिळ्याला आहे," म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघत बसलात? आणि बूट बाहेर काढा." दवाखान्यात नेलं, हाड मोडलं नव्हतं. परत येताना गाडीत ती स्वच्छ रेषा माझ्या डोळ्यांपुढून जाईना. ताईला विचारलं की ती म्हणते, बाबांची काही कटकट नाही, शांत असतात. तोवर मला ते ऐकून बरं वाटायचं.

त्याच संध्याकाळी मी ताईला फोन करून खोदून विचारलं. बाबा, तुम्ही न्हाणीघरात पडलात ते मला कळलंय. शेजारच्या काकांना तुम्ही शपथ घातली होती, त्यांनी बिचाऱ्यांनी ती बरेच दिवस पाळली. मी रागावले नाही, न्यायलाही येणार नाही. तुम्हाला घर सोडायचं नाही, तर सोडू नका. पण आमच्या जाळ्याला आपल्या गावापाशी खरोखरच एक भोक आहे, नकाशा बघितल्यावर आधी तेच दिसतं. मी बाईंना आपली मागची शेड सुचवली. त्या म्हणाल्या, घरात माणूस चालतं, नोंद खराब येईल, पण तेवढं गाळून घेऊ. अशा यंत्राच्या देखभालीला दोनेक वर्षं जवळ राहणारं कुणीतरी लागतं, तिथे मी माझं नाव सांगितलं. नक्की राहशील ना, असं त्यांनी मला दोनदा विचारलं, तुम्ही चारदा विचाराल. वरची खोली मला द्या, आसपासच्या खड्ड्यांकडे गेले तरी मुक्कामाला घरीच येईन. नोंद मात्र मी कुठेही असले तरी बघणार, आणि तुमची पावलं मी गाळणार नाही, हे आत्ताच सांगते. ते नको असेल तर नाही म्हणा, मग यंत्राशिवाय येईन. ताई मी येईपर्यंत थांबायला तयार आहे. शेड तुमची, जमीन तुमची, म्हणून विचारते. रविवारी फोन करेन. "ठेवतो" म्हणायच्या आधी फक्त "खण" एवढं म्हणा.

तुमचीच,
भिंगरी